पान दोनशे नऊपासून पुढे

श्रमदीप वाचनालयात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी जी माणसं जमत, त्यांतल्या एकालाही वाचता येतं यावर हंबीरराव सरनोबतांचा विश्वास नव्हता. अक्षरओळख सगळ्यांना होती, तेवढं त्यांना मान्य होतं. दुकानाची पाटी, लग्नाची पत्रिका, फार तर पेपरातलं राशिभविष्य, एवढं ही मंडळी न अडखळता वाचत. पण पुस्तक उघडून ते शेवटच्या ओळीपर्यंत नेणं ही वेगळी गोष्ट असते, आणि कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या त्या गल्लीत ती आपल्याशिवाय कुणाला साधलेली नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. ते मत ते पोटात ठेवत नसत.

रविवारच्या या बैठकीला ‘सुचवणी’ म्हणत. प्रत्येकानं आपल्या आवडीचं एक पुस्तक घेऊन उभं राहायचं, ते इतरांनी का वाचावं हे चार वाक्यांत सांगायचं, आणि मग चहा. मूळची कल्पना एवढीच होती. तिला शिस्त लावली हंबीररावांनी. चौतीस वर्षं एसटीच्या कंट्रोलर केबिनमध्ये काढलेला माणूस. गाडी सुटल्याची नोंद नाही म्हणजे गाडी सुटलीच नाही, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. सुचवलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक पिवळी चिठ्ठी चिकटवायची असा नियम त्यांनी घालून दिला. चिठ्ठीवर वाचणाऱ्या प्रत्येकाचं नाव, तारीख, एका ओळीचा अभिप्राय आणि ‘शेवटपर्यंत वाचले’ या शब्दांपुढे सही. शिवाय ते प्रत्येकाला एक प्रश्न विचारत आणि तो कायम पुस्तकाच्या शेवटाचा असे. वाचन अर्धवट निघालं तर चिठ्ठीवर लाल शाईत ‘अपूर्ण’ असा शिक्का बसे. तो रबरी शिक्का त्यांनी पदरमोड करून भाऊसिंगजी रोडवरून बनवून आणला होता.

शिक्का आजवर एकदाच वापरला गेला होता. दीड वर्षापूर्वी प्रीती नावाची एक मुलगी येत असे. उचगावची, डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसणारी. एक जाडजूड कादंबरी छातीशी धरून ती उभी राहिली आणि म्हणाली, “माझी शेवटची तीस-चाळीस पानं ऱ्हायल्यात. पर मला दम निघंना. कुणीतरी लगेच वाचावं आणि माझ्यासंगं बोलावं, म्हणून आजच सुचवते.”

“म्हंजे अर्धं ताट वाढून पंगतीला बोलवायलीस व्हय?” हंबीरराव म्हणाले. सगळे हसले. हंबीररावांनी शिक्क्यावर शाई लावली आणि पोरीच्या नावावर सगळ्यांदेखत दाबला. तिचे कान लाल झाले. चहा न घेता ती गेली आणि पुन्हा कधी आली नाही. हंबीररावांना त्याचं काडीइतकं वाईट वाटलं नाही. “एक भोंदू कमी झाला,” असं ते जाता जाता भाऊसोला म्हणाले. भाऊसो म्हणजे वाचनालयाचा सेक्रेटरी, रिटायर झालेला तलाठी. त्यानं मान हलवली. मान हलवण्यातच भाऊसोची हयात गेली होती.

राहिलेल्यांची कथा काय सांगावी! राजवीरचं टू-व्हीलरचं शोरूम होतं. पहाटे उठा आणि मोठे व्हा, असं सांगणाऱ्या पुस्तकांपलीकडे त्याची उडी नव्हती, आणि ती पुस्तकं सुचवायला तो स्वतः साडेदहाला, डोळे चोळत यायचा. तेजस्वी पुस्तकांचे रील करायची. पुस्तकाशेजारी कॉफीचा मग ठेवायचा, वर एक जास्वंद ठेवायची, आणि ‘या पुस्तकानं मला आतून हलवलं’ असं म्हणायचं. पुस्तकाला मुखपृष्ठाच्या मागेही काही असतं, ही बातमी तिच्यापर्यंत अजून पोचायची होती. बाकीचे सात-आठ जण पोह्यांच्या वासानं येत. अशा माणसांत बसायचं म्हणजे जिवावर यायचं, पण हंबीररावांनी बैठक कधी चुकवली नाही. तुच्छ मानायला दर महिन्याला अशी ताजी माणसं दुसरीकडे कुठं मिळणार होती?

त्यांचं स्वतःचं पुस्तक एकच होतं. ‘साठ हात’ नावाची कादंबरी. लेखकानं आयुष्यात तेवढीच लिहिली आणि लोक त्याला विसरून गेले. सारजा नावाची बाई दिरांच्या आणि गावाच्या नाकावर टिच्चून आपल्या मुरमाड तुकड्यात विहीर खणायला घेते, एवढीच गोष्ट. हंबीरराव दर वर्षी तीच सुचवत. वाचनालयात तिची एकच प्रत होती आणि तिच्या मागच्या चिठ्ठीवर अकरा सह्या होत्या. प्रत्येकाला त्यांनी विचारलं होतं, “शेवटी काय हुतंय?” प्रत्येकानं सांगितलं होतं, “पाणी लागतं.” आणि प्रत्येकाला त्यांनी म्हटलं होतं, “बरोबर.”

या वर्षी वाचनालयाला पन्नास वर्षं होत होती. त्यानिमित्त वाचकांनी सुचवलेल्या पन्नास पुस्तकांची पुस्तिका छापायची ठरली होती. पहिला मान ‘साठ हात’चा आणि त्यावर दोन पानी लेख हंबीररावांचा. आयुष्यात प्रथमच त्यांचं नाव छापून येणार होतं, तेही ‘जाणकार वाचक’ या उपाधीसकट. छापखान्यातून आलेलं प्रूफ गेले तीन दिवस त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतं. दिवसातून पाच-सहा वेळा ते काढून बघत. शेवटचा परिच्छेद त्यांना तोंडपाठ झाला होता: ‘अखेर पाणी लागते. सारजा पहिली ओंजळ कपाळाला लावते आणि मगच ओठांना. हे पान वाचून ज्याच्या अंगावर काटा येत नाही, त्याने पुस्तकांच्या वाटेला जाऊ नये.’ उद्या सोमवारी प्रूफ परत द्यायचं होतं.

त्या रविवारी बैठकीला बायडाबाई दुसऱ्यांदा आली होती. साठीची, चंदगडकडची, पोरीच्या घरी उचगावात राहायला आलेली. काष्ट्याचं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. गेल्या महिन्यात ती आली तेव्हा चौथी पास आहे म्हणाली होती. तिकडं काजूच्या कारखान्यात बिया फोडायच्या खात्यात बाया कामाला बसल्या की एकीनं मोठ्यानं पुस्तक वाचायचं आणि तिच्या वाटणीच्या बिया बाकीच्यांनी फोडायच्या, अशी त्यांची पद्धत. वाचायला बसवायच्या ते बायडाबाईला, आवाज खणखणीत म्हणून. हंबीररावांनी ते ऐकून भुवई उडवली होती आणि ‘साठ हात’ तिच्या हातात ठेवलं होतं. ही चार पानांत गळणार, हे त्यांनी त्याच वेळी भाऊसोच्या कानात सांगून ठेवलं होतं.

राजवीरचं सांगून झालं, तेजस्वीचं हलून झालं. मग बायडाबाई उठली.

“ह्यो जो कोण लिवणारा हाय, त्याचं हात सोन्यानं मढवावं,” ती म्हणाली. “सारजा म्हंजे माझी थोरली जाऊच. पर मला एक कळंना झालंय. दोनशे आठाव्या पानावर बाई साठ हातांवर पोचली, पहार उचलली, आन् पान उलटतोय तर कोंबड्या.”

“कोंबड्या?” भाऊसोनं विचारलं.

“कोंबड्या की वो! पिल्लांला लस कवा टोचायची, खुराड्यात भुसा किती पसरायचा, अंडी देणाऱ्या कोंबडीला काय घालायचं. मला वाटलं बाईनं विहीर सोडून कोंबड्या पाळल्या आसतील. पर त्यात सारजाचं नावच न्हाय. शेवटपातूर कोंबड्याच.”

हंबीररावांनी पुस्तक हिसकावून घेतलं. तेरा फर्मे सारजाचे होते. चौदावा, म्हणजे शेवटची सोळा पानं, कुक्कुटपालनाच्या कुठल्या तरी पुस्तकाचा होता. आकडे मात्र चोख जुळत होते, दोनशे नऊ ते दोनशे चोवीस. पंधरा वर्षांपूर्वी फाटकी पुस्तकं गठ्ठ्यानं बांधणीला गेली होती. बाइंडरच्या टेबलावर दोन पुस्तकं सुटी झाली असणार आणि त्यानं पानांचे आकडे बघून शिवून टाकली असणार. त्याला काय, आकडे जुळले की पुस्तक झालं.

आणि मग हंबीररावांच्या डोक्यात प्रकाश पडला. पंधरा वर्षं! चिठ्ठीवरच्या अकराही सह्या त्या पंधरा वर्षांतल्या होत्या. त्यांना आनंद मावेना.

“राजवीर,” त्यांनी चिठ्ठी वाचायला घेतली, “तू काय लिवलंयस बघ. ‘शेवट प्रेरणादायी.’ कशाची प्रेरणा मिळाली रं तुला? लस टोचायची?”

राजवीर खुर्चीत घसरला.

“तेजस्वी. ‘शेवटच्या पानांनी रडवलं.’ कुठल्या कोंबडीनं रडवलं गं? भाऊसो, तुम्ही! ‘शेवट मातीशी नातं सांगणारा.’ व्हय, खुराड्याच्या मातीशी! आरं लाजा वाटूंद्यात जरा! अकरा माणसं, अकरा सह्या, आन् एकानंबी पान उलटून बघितलं न्हाय. मी गेली पंधरा वर्षं घसा फोडून सांगायलोय, तुम्ही वाचक न्हवं, तुम्ही नुसती सह्याजीराव हायसा.”

सगळे माना खाली घालून बसले होते. असा दिवस हंबीररावांना मागूनही मिळाला नसता. आणखी पाच मिनिटं त्यांनी एकेकाची सालटी काढली असती, पण बायडाबाई मधेच बोलली.

“त्यास्नी ऱ्हाऊंद्या वो,” ती म्हणाली. “मला चार दिस झोप न्हाय. तुम्ही तर वाचलंय नव्हं सगळं? मला एवढंच सांगा, पाणी लागलं का न्हाय?”

साधा प्रश्न होता. हंबीररावांनी तोंड उघडलं आणि त्यांना एकदम ती दुपार आठवली. कोल्हापूर स्टँडवरची केबिन, टेबलावर ‘साठ हात’, बांधणीला जाण्याआधीची, धड पानांची हीच प्रत. दोनशेच्या आसपास पान होतं. चंदगडची गाडी फलाटाला लागली म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं. गाडी गेल्यावर ते उघडायला हात गेला होता, पण मनात आलं, आता काय राहिलंय? बाई एवढी राबली आहे, लेखक पाणी लावणार. दुसरं काय करणार? हुशार माणसाला शेवट आधीच कळतो. त्यांनी पुस्तक परत केलं आणि पुढं अशी कितीतरी पुस्तकं तेवढ्यावरच मिटली. दुसऱ्यांची परीक्षा घ्यायला ते बैठकीआधी शेवटचं पान चाळून यायचे. स्वतःच्या पुस्तकाचं शेवटचं पान चाळायची गरज त्यांना कधी वाटली नव्हती. ओंजळ, कपाळ, ओठ, हे सगळं त्यांनी इतक्या वेळा मनात पाहिलं होतं की ते छापलेलं आहे, अशीच त्यांची खात्री झाली होती.

खिशातलं प्रूफ छातीला टोचलं. वाचलं न्हाय म्हणायचं तर आत्ताच म्हणायला हवं होतं.

“लागलं की,” ते म्हणाले. आवाज जरा चढाच लागला. “धो धो लागलं. सारजानं पहिली ओंजळ कपाळाला लावली, मग प्याली. अंगावर काटा येतोय वाचताना.”

“बरं झालं बाई,” बायडाबाईनं पदरानं डोळे पुसले. “लई राबली हुती.”

चहा आला. हंबीररावांनी कप उचलला आणि मनाशी ठरवलं की उद्या कुठून तरी दुसरी प्रत मिळवायची आणि बघून घ्यायचं. इतक्यात बायडाबाईच्या पिशवीतला फोन टिंग टिंग वाजायला लागला. एक, दोन, तीन, असे सोळा वेळा.

“माझा भाचा ज्ञानू,” ती कौतुकानं म्हणाली. “आमच्या गावच्या वाचनालयाची किल्ली त्याच्याकडंच अस्ती. त्याला सांगिटलंतं, ह्ये पुस्तक तितं हाय का बघ, आन् शेवटल्या पानांचं फोटू धाड. मला ह्यात बारीक दिसतंय. तेजस्वी, वाच गं बाळ. पाणी लागलेलं कानानं ऐकू दे एकदा.”

“कशाला उगंच,” हंबीरराव म्हणाले. “चहा गार व्हतोय.”

पण तेजस्वीनं फोन घेतला होता. आयुष्यात पहिल्यांदा ती कॉफीच्या मगाशिवाय पुस्तक वाचत होती. दोनशे नवव्या पानापासून तिनं सुरुवात केली. साठ हातांवर काळा पाषाण लागला. सारजानं आणखी आठ दिवस घाव घातले. पाषाण हलला नाही आणि पाणी लागलं नाही. दीर हसले, गाव हसलं. तेजस्वीचा आवाज हळूहळू बदलत गेला. पहिल्यांदा ती भरभर वाचत होती, मग थांबत थांबत वाचायला लागली. शेवटचं पान तिनं फार सावकाश वाचलं.

‘उन्हाळ्यात भर दुपारी सारजा पायऱ्या उतरून खाली जायची आणि कोरड्या तळाशी बसायची. खाली गार होतं. तिथं कुणाची हाक ऐकू येत नव्हती. जन्मात पहिल्यांदा तिला कुणी कामाला बोलावत नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात जाऊ उतरली. मग शेजारीण आली, मग तिची सून. बाया तळाशी बसून डोक्यावरचा पदर खाली घ्यायच्या आणि मोठ्यानं बोलायच्या. वरून जाणारे पुरुष वाकून विचारायचे, काय गं, लागलं का पाणी? आतून नुसतं हसणं वर यायचं.’

राजवीरच्या हातातला कप तसाच राहिला होता. हंबीररावांच्या अंगावर काटा आला होता, खराखुरा, मनगटापासून मानेपर्यंत, आणि तो लपवायला त्यांनी बाह्या खाली ओढल्या. आपली ओंजळ, आपलं कपाळ, आपले ओठ त्यांना आठवले आणि शरमेनं मेल्यासारखं झालं. किती दळभद्री शेवट रचला होता आपण! तो सगळ्यांना सुचला असता, अकरा जणांना सुचलाच होता. आणि हे पान छत्तीस वर्षांपूर्वी त्यांच्या टेबलावर, हाताच्या अंतरावर पडलेलं होतं.

“काका,” राजवीरनं तोंड उघडलं, “मग ती ओंजळ कुठली वो?”

एक जण खुसखुसला, मग दोघं. मग सगळी खोली हसायला लागली. त्या हसण्यात राग नव्हता, तेच वाईट होतं. भाऊसो उठला, त्यानं हंबीररावांच्या पाठीवर थाप मारली आणि स्वतःची खुर्ची त्यांच्या जवळ ओढली. पंधरा वर्षांत त्यानं असं केलं नव्हतं.

“आता कसं आमच्यातलं झालासा!” तो म्हणाला. “आन् पुस्तिकेचं काय टेन्शन घेऊ नगासा. आहे तसं छापू दे की. शेवटपर्यंत कोण वाचतंय?”

हे वाक्य हंबीरराव स्वतः गेली पंधरा वर्षं म्हणत आले होते. भाऊसोच्या तोंडून ऐकल्यावर ते खुर्चीतून उठले.

“शिक्का काढा,” ते म्हणाले.

“आता कशाला?”

“काढा म्हणतोय नव्हं!”

भाऊसोनं ड्रॉवर उचकटला. शिक्का सापडला, पण शाईची गादी वाळून खडखडीत झाली होती. “कुठली ऱ्हातीय शाई,” भाऊसो म्हणाला. “त्या प्रीतीला मारलासा, त्या दिवसापासनं हितं समदी पुस्तकं शेवटपर्यंत वाचून व्हायला लागली. पुन्यांदा लागलाच न्हाय शिक्का.”

हे बोलताना भाऊसोला कुणाला टोचायचं नव्हतं. तो तलाठ्यासारखा जे घडलं ते सांगत होता. पण हंबीररावांपुढं ती पोरगी उभी राहिली, कादंबरी छातीशी धरून. शेवटची पानं राहिलीत, असं या खोलीत खरं बोललेली ती एकटीच होती, आणि तिलाच त्यांनी हाकलून दिलं होतं. भोंदू म्हणाले होते तिला.

हंबीररावांनी शिक्क्यावर दोनदा तोंडाची वाफ सोडली. प्रूफ काढलं, ‘जाणकार वाचक’ या शब्दांवर तो टेकवला आणि सगळा भार देऊन दाबला. फिकट उमटलं, पण वाचता येत होतं. ते प्रूफ त्यांनी भाऊसोच्या हातात दिलं.

“अहो पर,” भाऊसो म्हणाला, “आता पहिल्या नंबराला कायतरी लागंल की!”

हंबीररावांनी शिक्का टेबलावर ठेवला. ते बायडाबाईकडे वळले. बाई केव्हापासून त्यांच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी आटलं होतं. त्या नजरेत काय आहे ते ओळखायला हंबीररावांना वेळ लागला नाही, कारण गेली पंधरा वर्षं ते स्वतः याच नजरेनं सगळ्यांकडे बघत आले होते.

“बायडाबाई,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “त्ये शेवटचं पान जरा पुन्यांदा वाचून दावता का?”

बायडाबाईनं तेजस्वीकडून फोन घेतला आणि तो टेबलावरून त्यांच्यापुढं सरकवला.

“का?” ती म्हणाली. “तुमास्नी वाचाय येतंय नव्हं? मग वाचा की.”

हंबीररावांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि दोनशे नऊपासून वाचायला सुरुवात केली.